तारखेवर तारीख लावू नकोस

प्रिय चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परवा तू घरी आलास, समोरचा चहा गार झाला तरी तुझे बोलणे संपले नव्हते, आणि निघताना तू जो प्रश्न विचारलास त्याचे उत्तर मी त्या वेळी मुद्दाम टाळले. मकरपुऱ्याच्या शेडमध्ये तुझ्या बरोबरीने कुस्तीची रिंग उभी करणारा मित्र वेगळा झाला, सहा मुले त्याच्यामागे गेली, आणि आता त्याने आपला पहिला खेळ जाहीर केला आहे. त्याच संध्याकाळी, त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर, आपणही खेळ लावावा असे तुझ्या मनात आहे आणि मैदानाचा विसारही तू देऊन बसला आहेस. माझे उत्तर एका ओळीचे आहे: तारखेवर तारीख लावू नकोस. हे मी इतक्या हट्टाने का म्हणतो ते तुला कळावे, म्हणून पुढचे लिहीत आहे.

मेहनत, शिस्त, धीर यांविषयी मी काही लिहिणार नाही. ज्याच्या आजोबांनी जुम्मादादा व्यायाममंदिरात जोर काढले, त्याला ते माझ्याकडून ऐकण्याची गरज नाही.

तू अमेरिकेतल्या सोमवारच्या युद्धाचा, म्हणजे दोन कुस्ती कंपन्यांनी दर सोमवारी समोरासमोर कार्यक्रम दाखवण्याच्या चढाओढीचा, दाखला दिलास. ते १९९५ मध्ये सुरू झाले असे तू धरून चालतोस. त्याचे मूळ मात्र आठ वर्षे मागे आहे. नोव्हेंबर १९८७ मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, जिम क्रॉकेट यांच्या कुस्ती कंपनीने 'स्टारकेड' हा आपला वर्षातला सर्वांत मोठा खेळ प्रथमच पे-पर-व्ह्यूवर, म्हणजे घरबसल्या पैसे भरून बघण्यासाठी, आणायचे ठरवले. आज डब्ल्यूडब्ल्यूई म्हणतात त्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या विन्स मॅकमहॉन यांनी नेमक्या त्याच दिवशी 'सर्व्हायव्हर सीरीज' नावाचा नवा खेळ काढला आणि केबलवाल्यांना बजावले की स्टारकेड दाखवलात तर पुढच्या वर्षीचा रेसलमेनिया हा आमचा सर्वांत मोठा खेळ तुम्हांला मिळणार नाही. बहुतेक केबलवाल्यांनी स्टारकेड सोडून दिला. जानेवारीत क्रॉकेट यांच्या पुढच्या खेळावर मॅकमहॉन यांनी 'रॉयल रंबल' फुकट दाखवला. मार्चमध्ये रेसलमेनियाच्या रात्री क्रॉकेट यांनी 'क्लॅश ऑफ द चॅम्पियन्स' फुकट दाखवून उट्टे काढले. तारखेवर तारीख, तारखेवर तारीख. त्या वर्षाच्या अखेरीस क्रॉकेट यांची कंपनी टेड टर्नर यांच्याकडे गेली. याचा अर्थ नीट लक्षात घे: खर्चाने वाकलेल्या एका प्रतिस्पर्ध्याला मॅकमहॉन यांनी मोडीत काढले आणि त्याच्या जागी, ज्याच्या स्वतःच्याच दूरचित्रवाहिन्या आहेत असा धनाढ्य माणूस येऊन बसला. ४ सप्टेंबर १९९५ रोजी मॅकमहॉन यांच्या 'रॉ' या साप्ताहिक कार्यक्रमाच्या वारावर, सोमवारी, 'नायट्रो' हा कार्यक्रम सुरू झाला तो याच माणसाच्या वाहिनीवर.

तू म्हणशील, काका, त्या युद्धातच तर सुवर्णकाळ आला. आला, हे मी नाकारत नाही. आमच्या रावपुऱ्यातली पोरेसुद्धा तेव्हा ऑस्टिन आणि रॉक या रॉच्या पहिलवानांवरून भांडत असत. नायट्रो ऐंशीहून अधिक आठवडे सलग रॉच्या पुढे राहिला, हेही खरे. पण तो काळ दोन कंपन्यांकडे दोन निराळ्या चवी होत्या म्हणून आला. ती चव टिकवण्याऐवजी समोरच्याच्या ताटाकडे बघत बसल्यावर काय होते, ते ४ जानेवारी १९९९ च्या रात्रीने दाखवले. त्या दिवशीचा रॉ आधीच चित्रित झालेला होता, म्हणून नायट्रोच्या निवेदकाने आपल्याच प्रेक्षकांना सांगून टाकले की तिकडे रॉवर आज मिक फोली हा पहिलवान अजिंक्यपद जिंकणार आहे. ते ऐकताच हजारो घरांत वाहिनी बदलली गेली. आणि स्वतःच्या रिंगमध्ये त्यांनी त्या रात्री काय केले? हल्क होगनने केव्हिन नॅशला एका बोटाने टोचले, नॅश ठरवून आडवा पडला, आणि अजिंक्यपदाची कुस्ती संपली. मार्च २००१ मध्ये नायट्रोची कंपनी मॅकमहॉन यांनीच विकत घेतली. नायट्रोचा प्रेक्षक आता आपोआप रॉकडे येईल, हा सगळ्यांचा हिशेब होता. तो आला नाही. रॉचेच आकडे पुढची कित्येक वर्षे उतरत गेले. ईसीडब्ल्यू ही तिसरी कंपनीही त्याच सुमारास बंद पडली होती, त्यामुळे दूरचित्रवाणीवर नाव कमावू पाहणाऱ्या अमेरिकन पहिलवानाला देशभरात ठोठावायला एकच दार उरले.

हा प्रेक्षक कुठे जातो, ते मला ठाऊक आहे. तो घरी जातो.

१९८० नंतरची काही वर्षे मी फ्री स्टाइलचे खेळ लावत असे, हे तू ऐकले असशील. कसे लावत असे ते तुला कोणी सांगितलेले नसणार. दिवाळीपासून होळीपर्यंत आमचा हंगाम चाले. आणंद, नडियाद, भरूच, गोध्रा, दाहोद असा फेरा असे. त्याच फेऱ्यावर आणखी एक मंडळी खेळ लावत आणि त्यांच्याकडे आमच्यापेक्षा चांगले पहिलवान होते. मला ते खुपत असे. मी त्यांची तारीख कळली की त्याच गावात, त्याच तारखेला मैदान घेत असे. त्यांच्या सर्वांत लोकप्रिय पहिलवानाला दुप्पट विसार देऊन मी फोडले. तीन हंगामांत ते बसले. त्यांच्या मालकाने आपली रिंग, म्हणजे लोखंडी खांब, फळ्या आणि दोर, मला विकत घेण्याविषयी विचारले, आणि माझ्याकडे एक आहे असे सांगून मी त्यांना परत पाठवले. त्यांनी ती भंगारात घातली.

पुढच्या हिवाळ्यात भरूचला मी एकटाच होतो. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मैदानाबाहेर चहाची गाडी लावणाऱ्याने मला सांगितले की पूर्वी लोक आठवडाभर आधीपासून वाद घालायचे, तुमचा पहिलवान भारी की त्यांचा, आणि तो वाद मिटवायला दोन्हीकडे तिकिटे काढायचे. आता वाद घालायला काही उरलेच नाही. ज्या पहिलवानाला मी फोडले होते, त्याला आता दुसरीकडे जायला जागा नव्हती, हे मला समजत होते. मी त्याची बिदागी कमी केली. तो एक शब्दही बोलला नाही. वर्षभराने तो ट्रक चालवू लागला. आणखी एका हंगामानंतर माझीही रिंग त्याच भंगारवाल्याकडे गेली.

आता हेही लिहून ठेवतो, कारण माझ्यामागे लोक वेगळे बोलतात: मी कोणाचा एक पैसा बुडवला नाही. खेळ संपला की त्याच रात्री, हिशेबाची वही समोर ठेवून, मी प्रत्येकाचे पैसे हातावर ठेवत असे, आणि त्यासाठी पतपेढीचे कर्ज मी पुढची सहा वर्षे फेडत होतो. दुसऱ्या मंडळींनीही माझी मुले फोडण्याचा प्रयत्न केला होताच; सुरुवात मी केली असे म्हणणे न्यायाचे नाही. हे सगळे खरे आहे, आणि त्याने भरूचच्या रिकाम्या खुर्च्या भरत नाहीत. त्या तीन वर्षांत उचललेले प्रत्येक पाऊल मला न्याय्यच वाटत होते. परवा तू जसा बोलत होतास, शब्दशः तसाच मी तेव्हा बोलत असे, आणि म्हणूनच मला त्या वेळी उत्तर देता आले नाही.

स्पर्धा करू नकोस असे मी म्हणत नाही. त्याच्याशी तू मनापासून भांड. जपानकडे बघ. जायंट बाबा आणि अँटोनियो इनोकी हे दोघे पहिलवान तिथल्या व्यावसायिक कुस्तीचे जनक रिकिडोझान यांचे शिष्य. दोघांची पहिली कुस्ती एकाच दिवशी, ३० सप्टेंबर १९६० रोजी झाली. १९७२ मध्ये दोघांनी दोन वेगळ्या कंपन्या काढल्या. इनोकी वर्षानुवर्षे बाबांना उघड आव्हान देत राहिले आणि बाबांनी ते कधी स्वीकारले नाही. त्यांनी एकमेकांचे परदेशी पहिलवानही पळवले. पण सत्तरच्या दशकात दूरचित्रवाणीवर एकाचा वार शुक्रवार होता आणि दुसऱ्याचा शनिवार. कुस्तीचा शौकीन दोन्ही दिवशी बघू शकत होता आणि मधल्या वेळात वाद घालू शकत होता. २६ ऑगस्ट १९७९ ला टोकियोच्या बुदोकान सभागृहात ते दोघे एका बाजूने रिंगमध्ये उतरले. समोर अब्दुल्ला द बुचर आणि आपल्या पंजाबातून कॅनडाला गेलेला टायगर जीत सिंग अशी जोडी होती. सात वर्षे लोकांनी ज्यांना वेगवेगळे पाहिले, त्यांना एका कोपऱ्यात उभे राहिलेले पाहण्याची किंमत त्या वेगळेपणामुळे होती. दोघांच्याही कंपन्या आज चालू आहेत.

तुझ्या पिढीतलेच उदाहरण हवे असेल तर सप्टेंबर २०२५ मधले घे. एईडब्ल्यू या अमेरिकन कंपनीचा 'ऑल आउट' हा खेळ ज्या दिवशी टोरोंटोत ठरला होता, त्याच दिवशी डब्ल्यूडब्ल्यूईने 'रेसलपलूझा' लावला. एईडब्ल्यूने आपला खेळ दुपारी सरकवला. ज्याला दोन्ही बघायचे होते त्याने दोन्ही पाहिले. याला माघार म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आपला प्रेक्षक आपल्याला आणि समोरच्याला दोघांनाही हवा आहे, आणि त्याला एकाची निवड करायला लावणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे, एवढे साधे त्यांना दिसत नाही. टीएनए या कंपनीने २०१० मध्ये सोमवारी रॉसमोर जाऊन बसण्याचा हट्ट धरला आणि दोन महिन्यांत त्यांना गुरुवारी परतावे लागले. डब्ल्यूडब्ल्यूईचीच दुसरी मालिका एनएक्सटी बुधवारी एईडब्ल्यूसमोर दीड वर्ष लढली आणि एप्रिल २०२१ मध्ये मंगळवारी गेली. आणखी किती दाखले हवेत तुला?

आणि ही सगळी मोठ्या देशांची, कोट्यवधी घरांची गोष्ट झाली. आपल्या बडोद्यात रिंगभोवती पैसे देऊन बसणारी माणसे किती, ते तू मोजलेले आहेस. तीनशेचा आकडा तूच मला सांगितलास. त्या तीनशेंचे दीडशे-दीडशे करून कोणाचे भाडे निघणार आहे? गेलेल्या सहा मुलांना परत फोडण्याचा विचार तर मनातून पूर्ण काढ. ती तिकडे पंधरा दिवसांनी एक खेळ करतील आणि तुझी मुले मधल्या आठवड्यात करतील, तर पाच-सहा महिन्यांत मांडवीपासून फतेगंजपर्यंत लोकांना विचारण्यासारखा एक प्रश्न तयार होईल: दोघांत भारी कोण? त्या दिवशी तुम्ही दोघांनी मिळून एक जोड लावायची, आणि मैदान तेव्हा मी बघून देईन.

तोवर तारखेवर तारीख लावू नकोस.

रविवारी सकाळी दांडिया बाजारात घरी ये. तुझ्या मित्रालाही मी बोलावले आहे. तुला न विचारता बोलावले, त्याचा राग आला तर येऊन तोंडावर सांग. येताना मैदानाच्या विसाराची पावती विसरू नकोस. तारीख बदलून घेण्याची मुदत तिच्या मागच्या बाजूला लिहिलेली असते, आणि ती बहुधा सोमवारीच संपेल.

तुझा,
काका