डबा एका कंपनीचा, डीव्हीडी भलत्याच कंपनीची

प्रश्न: २००७-०८ मध्ये मी लग्नाच्या शूटिंगची कामं करायचो. त्या वेळच्या मास्टर डीव्हीडी आता काढून बघतोय तर एकाच कंपनीचे दोन डबे, एकातल्या सगळ्या चालतात आणि दुसऱ्यातल्या निम्म्या नुसत्या घरघरतात. असं का? आणि आजोबांची कीर्तनं कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतलीत, ती डीव्हीडीवर पण ठेवायचीत, तर कुठल्या कंपनीच्या घेऊ?
— एक वाचक, सांगली

उत्तर: ‘एकाच कंपनीचे दोन डबे’ म्हणताय ना, तिथंच मेख आहे. ब्लँक डीव्हीडी विकणाऱ्या कितीतरी ब्रँडचा स्वतःचा कारखानाच नव्हता, जिथून लॉट स्वस्त मिळेल तिथून उचलायचा, वर आपलं नाव छापायचं आणि विकायचं, त्यामुळे एक डबा तैवानच्या सीएमसीचा, पुढचा रायटेकचा आणि त्याच्या पुढचा आपल्या नोएडाच्या मोझर बेअरचा असं सर्रास चालायचं. तुमचे दोन डबे बहुतेक असेच दोन गावचे पाहुणे असणार. अर्थात ठेवणूक आणि कुठल्या रायटरवर राईट केल्या त्याचाही हात असतोच.

कारखाना ओळखायची सोय डिस्कमध्येच असते. आपण कोरी म्हणतो पण ती तशी कोरी नसतेच, साच्यातून निघतानाच तिच्यावर गोल गोल बारीक चर उमटलेली असते आणि त्यातच बनवणाऱ्याचा कोड असतो. इमगबर्न किंवा डीव्हीडी आयडेंटिफायर हे फुकटातले प्रोग्राम आहेत, डिस्क टाकली की कोड समोर. सीएमसी मॅग, रायटेक यात नाव सरळ वाचता येतं, एमबीआय म्हणजे मोझर बेअर इंडिया, एमसीसी म्हणजे मित्सुबिशी केमिकल, टीवायजी किंवा युडेन म्हणजे जपानची ताइयो युडेन. सीडीला असली अक्षरं नसतात, तिथं ९७:२४ असे आकडे येतात, ते ताइयो युडेनचे, आणि ९७:१७ मोझर बेअरचे.

हा कोड आपल्यासाठी नाही हं, रायटरसाठी असतो. कुठल्या डिस्कला लेझर किती जोरात आणि कसा मारायचा याची यादी रायटरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या कायमच्या प्रोग्राममध्ये असते, कोड यादीत सापडला तर ठीक, नाही सापडला तर तो आपला अंदाजाने ठोकतो आणि मग चांगली डिस्क पण वाईट राईट होते. एकाच डब्यातली डिस्क तुमच्याकडे छान आणि मित्राकडे बाद, याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

आता कोड दिसला म्हणजे झालं असंही नाही, कारण कोड तंत्र कोणाचं ते सांगतो, कारखाना दुसराच असू शकतो. व्हर्बॅटिमचंच घ्या, मित्सुबिशीचा ब्रँड होता, कोड एमसीसी यायचा, पण माल सिंगापूर, तैवान आणि भारतात मोझर बेअरकडेही बनायचा. म्हणून पाकिटावर बारीक अक्षरात ‘मेड इन’ काय लिहिलंय ते पण बघायचं. आणि नकली कोडचा धंदा वेगळाच! मी एकदा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ५० चा डबा आणला, कोड टीवायजी०२, म्हणजे ताइयो युडेन, सोनंच, मी खुश. ट्यूबलाइटखाली तिरकी धरून पाहिली तर कडेला डायचे, म्हणजे लेझर ज्यावर लिहितो त्या रंगाच्या थराचे, ढग ढग, घरात डिस्टेंपर मारताना हात कमी पडावा तसे. राईट करून तपासली तर बाहेरच्या बाजूला एररचा डोंगर. दुकानदार म्हणाला, साहेब कोड तर बरोबर आहे ना!

म्हणून शेवटी तपासणीच. नीरो डिस्कस्पीड या प्रोग्राममध्ये राईट केलेली डिस्क स्कॅन करा, पीआय एरर (वाचताना सापडलेल्या चुका) २८० च्या आत आणि पीआय फेल्युअर (त्यातल्या पहिल्या फेरीत दुरुस्त न झालेल्या) ४ च्या आत राहायला हवेत. सगळे ड्राइव्ह हे स्कॅन देत नाहीत, मग निदान रीड स्पीडचा ग्राफ काढा, रेघ मध्येच दणकन खाली आली की समजा गडबड आहे.

आता कुठली घेऊ? पूर्वी मी डोळे झाकून ताइयो युडेन म्हणालो असतो, पण त्यांनी २०१५ मध्ये हा धंदाच बंद केला, मोझर बेअर दिवाळखोरीत जाऊन २०१८ मध्ये तिच्या लिक्विडेशनचा आदेश निघाला आणि व्हर्बॅटिम २०१९ मध्ये सीएमसीने विकत घेतली. म्हणजे डब्यावर काहीही लिहिलेलं असो, आत बहुतेक तैवानच निघणार. त्यामुळे नावामागे न लागता आधी १० चं पाकीट आणा, १६ एक्स वेगाची असली तरी ८ एक्सने राईट करा, स्कॅन चांगलं आलं तर त्याच दुकानातून त्याच लॉटचं अजून घ्या. कीर्तनाची दुसरी कॉपी वेगळ्या कोडच्या डिस्कवर आणि तिसरी हार्ड डिस्कवर. वर कागदी लेबल चिकटवू नका. न चालणाऱ्या लग्नाच्या डीव्हीडी फेकण्याआधी दोन-तीन वेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, एखादा जुना डेस्कटॉपचा ड्राइव्ह लॅपटॉपवाल्यापेक्षा निमूटपणे वाचतो.

प्रश्न: रंगावरून चांगली-वाईट कळते का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: सीडीत थोडंफार कळतं. गडद निळी असेल तर अ‍ॅझो डाय, हिरवट असेल तर सायनिन, फिकट दिसली तर थॅलोसायनिन. पण यातून डाय कळतो, कारखान्याने तो नीट लावला की नाही ते नाही. डीव्हीडी तर बहुतेक सगळ्या जांभळ्याच, तिथं रंग बघत बसू नका.