व्हिडिओ उतरवण्याचे (डाउनलोडचे) तेच ते प्रश्न

१०८० दर्जाचा यूट्यूब व्हिडिओ उतरवला. चित्र दिसतं, आवाज नाही. फाइल खराब आहे का?

नाही. त्या दर्जाचं चित्र आणि आवाज तिथे वेगवेगळे ठेवलेले असतात. दोन्ही उतरवून जोडावे लागतात. वायटी-डीएलपी (व्हिडिओ उतरवायचा प्रोग्राम) दोन्ही उतरवतं, पण जोडायला त्याला एफएफएमपेग हे वेगळं साधन लागतं. ते नसेल तर दोन सुट्या फायली पडून राहतात. एफएफएमपेग वायटी-डीएलपीच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि पुन्हा चालवा.

५ जीबीची फाइल पेनड्राइव्हवर जात नाही. जागा भरपूर आहे.

पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. आतलं सगळं आधी दुसरीकडे काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

३२० केबीपीएसचा एमपी३ देणारी चांगली साइट सुचवा.

अशी साइट नसते. यूट्यूबवरचा आवाज साधारण १२८ ते १६० केबीपीएसचा, एएसी किंवा ओपस या प्रकारातला. त्याचा ३२० केला की फाइल दुपटीने फुगते, आवाज मात्र सुधारत नाही. दुसऱ्यांदा आवळल्याने किंचित बिघडतोच. एम४ए (एएसी आवाजाची फाइल) मिळाला तर तसाच ठेवा.

लिंक टाकून 'डाउनलोड' दाबलं तर सेटअप फाइल आली. अँटिव्हायरस अडवतो. मित्र म्हणतो, तो पाच मिनिटं बंद कर.

मित्राचं ऐकू नका. व्हिडिओ एमपी४, एमकेव्ही किंवा वेबएम असतो. ईएक्सई, एमएसआय हे प्रोग्राम. त्यांत गाणं नसतं. विंडोज मूळ मांडणीत फाइलच्या नावाचं शेपूट (एक्स्टेन्शन) लपवतं, म्हणून 'भजन.एमपी४.ईएक्सई' तुम्हाला 'भजन.एमपी४' दिसतं. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स आजच चालू करा. पानावरची मोठी हिरवी बटणं बहुधा जाहिराती असतात. 'पुढे जाण्यासाठी अलाऊ दाबा' म्हणजे सूचना पाठवायची परवानगी. मग कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात व्हायरस' असं रोज येतं. ती परवानगी ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमधून काढा. 'व्हिडिओ चालवायला कोडेक हवा' हाही जुनाच बहाणा: व्हीएलसी या प्लेअरमध्ये जवळपास सगळं चालतं.

फाइल चालवून झाली असेल तर आधी नेट तोडा. असे प्रोग्राम ब्राउझरमधलं चालू लॉगिनही उचलतात, तिथे नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. दुसऱ्या उपकरणावरून सगळीकडून लॉगआउट करा, मग पासवर्ड बदला. त्या संगणकावर नेट बँकिंग केलं असेल तर बँकेला आजच कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. 'रविवारी बघू' चालणार नाही. संगणक जाणकाराला दाखवल्याशिवाय पुन्हा वापरू नका.

ओटीटीवरचा सिनेमा रेकॉर्ड केला, नुसता काळा पडदा येतो.

ते डीआरएमचं, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या डिजिटल कुलपाचं काम, तुमचा रेकॉर्डर ठीक आहे. ॲपमध्येच डाउनलोडची सोय असेल तर ती वापरा. कुलूप तोडून देणाऱ्या प्रोग्रामच्या नादी लागू नका. कॉपीराइट कायद्यात त्यासाठी २०१२ साली कलम ६५अ आलं आहे. बारकावे वकिलाला विचारा.

आमच्या मंडळाच्या चॅनलवर सप्ताहाचं थेट प्रक्षेपण असतं. नंतर उतरवलं तर चालेल?

चालेल, पण सलग १२ तासांहून लांब प्रक्षेपण यूट्यूब आपोआप साठवत नाही. रोजचं वेगळं प्रक्षेपण करा आणि प्रक्षेपणाच्याच संगणकावर ओबीएस या रेकॉर्डिंग-प्रक्षेपणाच्या प्रोग्राममध्ये रेकॉर्डिंगही चालू ठेवा. यूट्यूब स्टुडिओतून ७२० पर्यंतचीच प्रत मिळते. पेनड्राइव्ह वाटायचे असतील तर कीर्तनकारांची आणि साथीदारांची परवानगी आधी घ्या, लेखी.