एकूण रँकिंग किती मनावर घ्यायचं?

अरे, रँकिंगच्या यादीतला आकडा बघून इंजिनीअरिंग प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरू नकोस. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगच्या, 'ओव्हरऑल' यादीत 100 पैकी 30 गुण संशोधनाचे आणि 10 निव्वळ नावलौकिकाचे. तुला सेकंड इयरला थर्मोडायनॅमिक्स कोण शिकवणार, हे त्यात कुठेच नाही. मुंबईची आयसीटी घे, केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था, म्हणजे 1933 ची यूडीसीटी. एकूण यादीत ती पहिल्या दहात नसते, पण केमिकलवाल्यांना विचार, डोळे झाकून घे म्हणतील.

एक काम कर. कॉलेजांनी एनआयआरएफला दिलेली माहिती त्यांच्याच वेबसाइटवर पीडीएफमध्ये असते. त्यात किती जणांना नोकरी लागली आणि मधला पगार किती, ते बघ. जाहिरातीतलं 'हायेस्ट पॅकेज' एकाच पोराचं असतं, मधला पगार म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी. मीही त्या फ्लेक्सला भुललो होतो. आमच्या लॅबमधल्या तीन लेथपैकी एकच चालायचं. मग चार वाजता गेटबाहेरच्या टपरीवर जा, थर्ड इयरच्या पोरांना चहा पाज आणि तुझ्या ब्रँचबद्दल विचार. सगळं कळतं.

हां, पुढे परदेशी एमएस करायचं असेल तर नावाला थोडी किंमत आहे.