बोबो मुखवटा घेण्याआधी

तू घ्यायच्या विचारात आहेस त्या मुखवट्याचा फोटो पाहिला. घाई करू नकोस. तू पाठवलेला फळीसारखा उंच, काळ्या-पांढऱ्या चौकटींचा मुखवटा मला पश्चिम आफ्रिकेतल्या बोबो लोकांचा नाही, त्यांच्या शेजारच्या ब्वा लोकांचा वाटतो. ब्वांना पूर्वी ‘लाल बोबो’ म्हणत, म्हणून मुखवट्यांना लावलेल्या जुन्या चिठ्ठ्यांवर सरसकट ‘बोबो, अपर व्होल्टा’ लिहिलेलं सापडतं. त्या देशाचं नाव 1984 मध्ये बुर्किना फासो झालं, चिठ्ठ्या तशाच राहिल्या.

बोबोंचे लाकडी मुखवटे बरेचदा शिरस्त्राणासारखे, डोकं आत जाईल असे असतात. चेहरा लांबट, कधी वर शिंगं. कोरणारे लोहार. आणि लाकूड म्हणजे सगळं नव्हे: द्वो या दैवी शक्तीचं सर्वांत जुनं रूप पानांच्या मुखवट्याचं, ते कुठल्याच कपाटात मिळणार नाही!

मुखवटा उलटा करून बघ. कडेला भोकं हवीत, तंतूंचा झगा तिथेच बांधतात. खरोखर वापरलेल्या मुखवट्यात दोरीने भोकाची कड घासून गुळगुळीत झालेली असते. माझ्या पहिल्या खरेदीत भोकं नुकतीच ड्रिल केल्यासारखी धारदार होती आणि आतल्या ‘घामाच्या डागां’ना बुटांच्या पॉलिशचा वास येत होता. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत, अर्थातच.