एमसीबी पडत नाही म्हणजे सॉकेट ठीक आहे असं नसतं

प्रश्न: आम्ही इस्त्री लावतो त्या सॉकेटमधून हल्ली तडतड आवाज येतो, प्लग काढला की पिनांचा चटका बसतो, एका भोकाच्या कडेचं प्लास्टिक पण पिवळट पडलंय. पण एमसीबी (बोर्डातला आपोआप बंद होणारा स्विच) एकदाही पडला नाही, मग काही दिवस असंच वापरलं तर चालेल का? घरात रांगणारं बाळ आहे, भोकांवर चिकटपट्टी लावतो, तेवढं पुरे ना?

उत्तर: नाही, ते सॉकेट आजच बंद करा आणि त्यात मोबाईलचा चार्जरसुद्धा लावू नका. एमसीबी पडतो तो करंट मर्यादेबाहेर गेल्यावर किंवा शॉर्ट झाल्यावर, आणि तुमच्याकडे करंट बरोबरच आहे, 1000 वॅटची इस्त्री 230 व्होल्टवर साधारण 4.3 अँपिअर घेते, गडबड आहे ती सॉकेटच्या आतली पितळी पट्टी सैल झाल्याची. अशा सैल जागी नुसता 1 ओहम रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) आला तरी तिथे जवळपास 19 वॅट उष्णता तयार होते, म्हणजे छोटा सोल्डरिंग आयर्न भिंतीत चालू ठेवल्यासारखं, आणि एमसीबीला याचा पत्ताच लागत नाही. तापल्यावर पट्टी अजून सैल होते, काळी पडते, रेझिस्टन्स वाढतो, असं ते वाढतच जातं आणि शेवटी प्लास्टिक पेट घेतं.

इलेक्ट्रिशियनला बोलवाल तेव्हा नुसतं सॉकेट बदलून घेऊ नका. वायरचं जळकं टोक कापून स्वच्छ तांबं स्क्रूखाली घट्ट बसवायला सांगा, आणि इस्त्रीच्या प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील तर प्लग पण बदला, नाहीतर नवं सॉकेट परत तापायला लागेल.

बाळासाठी चिकटपट्टी अजिबात पुरेशी नाही, ती नखाने निघते. शटरवालं सॉकेट बसवा, त्याची खालची दोन भोकं अर्थिंगची पिन आत गेल्याशिवाय उघडत नाहीत (टू-पिन प्लग बसवायला वरच्या भोकात पेन खुपसायची सवय खूप घरांत असते, मुलं ते बघून तसंच करतात, ती आधी सोडा). सोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच, अंगातून करंट जमिनीत जायला लागला की तो लगेच सप्लाय तोडतो, त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा. पण सैल सॉकेटची उष्णता त्यालाही कळत नाही.

प्रश्न: वॉशिंग मशीनचा प्लग थ्री-पिन आहे पण एक्स्टेंशन बोर्डात अर्थिंगचं भोकच नाही, लांब पिन कापली तर?

उत्तर: कापू नका हो. आत वायर सोलून पत्र्याला टेकली तर त्या पिनेवाटे करंट अर्थिंगला जातो आणि सप्लाय तुटतो, पिन नसेल तर पत्र्यात करंट तसाच राहतो आणि ओल्या हाताने पहिला हात लावेल त्याला शॉक बसतो. ती पिन लांब ठेवलीय तीच यासाठी, अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि सगळ्यात शेवटी सुटावं म्हणून. मशीन थेट भिंतीतल्या 16 अँपिअरच्या पॉवर पॉइंटला लावा, एक्स्टेंशनवर नको.