'अपील अलाउ झालं' म्हणजे काय?

प्रश्न असा आहे: वकिलांनी 'अपील अलाउ झालं' असं कळवलं, तर अपील करायला परवानगी मिळाली असं समजायचं का?

नाही. अपील मंजूर झालं, म्हणजे निकाल अपील करणाऱ्याच्या बाजूने लागला. अपील सुनावणीला दाखल करून घेणं ही आधीची पायरी; तिला 'ॲडमिट' म्हणतात. निकालपत्रात 'पार्टली अलाउड' असेल तर अपील अंशतः मंजूर, 'डिसमिस्ड' असेल तर फेटाळलं.

शाळेत 'अलाउ'चा 'परवानगी देणे' एवढाच अर्थ पाठ होतो, म्हणून घोटाळा होतो. हे क्रियापद इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आलं आणि तिथे दोन लॅटिन क्रियापदं एकमेकांत मिसळली होती. एकाचा अर्थ वाखाणणे, दुसऱ्याचा नेमून देणे. वाखाणण्यावरून मान्य करणे हा अर्थ निघाला, तो कोर्टात अजून रुळलेला आहे. नेमून देणे हा अर्थ 'अलाउन्स'मध्ये दिसतो: महागाई भत्ता ही नेमून दिलेली रक्कम असते, परवानगीचा तिथे संबंधच नाही.

मराठीत आणताना दर वेळी 'परवानगी' वापरू नये, असं मला मनापासून वाटतं. 'सोसायटीत कुत्री अलाउड नाहीत' याला 'कुत्री चालत नाहीत' हे किती सहज आहे! 'आईने जाऊ दिलं' आणि 'आईने परवानगी दिली' यांतही फरक आहे. पहिल्यात तिने अडवलं नाही एवढंच कळतं. दुसऱ्यात विचारणं आणि होकार दोन्ही येतात. 'ऊ देणे' ही आपली रचना फार कामाची आहे. 'राहू दे', 'असू दे' तर आपण दिवसभर म्हणतो.

इंग्रजी लिहिताना मात्र एक जपा. 'अलाउ हिम टु गो', पण 'लेट हिम गो'. एल-ई-टी 'लेट'नंतर 'टु' येत नाही.

याच स्पेलिंगचा आणखी एक 'लेट' आहे आणि त्याचा अर्थ नेमका उलटा, अडथळा. आपल्या पासपोर्टमध्ये राष्ट्रपतींच्या नावे जी विनंती छापलेली असते, तीत धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' जाऊ द्यावं असं म्हटलं आहे. त्याच वाक्यात 'अलाउ'ही आहे, जाऊ देणे या अर्थाने. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून बरोबर चौकटीत पडली की 'लेट' पुकारून ती पुन्हा करायला लावतात. तोही हाच अडथळ्याचा 'लेट'.