सातवीतला सी कॉलेजपर्यंत पोचतो का?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही मागच्या वर्षी पुण्याहून न्यू जर्सीला आलो. मुलगी सातवीत आहे, तिकडे कायम पहिल्या पाचात असायची, इथे मॅथ्समध्ये चक्क सी आलाय. ओळखीचे लोक म्हणतात इथल्या कॉलेजवाले सगळं रेकॉर्ड बघतात, एकदा खराब झालं की झालं. खरंच मिडल स्कूलचे ग्रेड्स ॲडमिशनला धरतात का? मला रात्र रात्र झोप नाही. – एक आई

उत्तर : आधी सरळच सांगते, नाही धरत. कॉलेजला जो ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे ग्रेड्सचा अधिकृत उतारा, जातो तो हायस्कूलचा, म्हणजे नववी ते बारावीचा, आणि अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच भरतात त्यामुळे खरा भर नववी ते अकरावीवर असतो. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, ॲक्टिव्हिटीजचे दहा रकाने असतात ना, तिथेसुद्धा इयत्ता निवडायची सोय नववीपासूनच पुढे आहे. कॅलिफोर्नियाची यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) कॉलेजेस तर आपला जीपीए, म्हणजे ग्रेड्सची सरासरी, काढताना नववीचेही ग्रेड्स धरत नाहीत, नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचेच धरतात. तेव्हा तुमच्या लेकीचा सातवीतला सी कुठला ॲडमिशन ऑफिसर बघत बसणार नाहीये.

पण मॅथ्सचं थोडं वेगळं आहे, आणि तुमचा सी नेमका मॅथ्समध्येच आहे म्हणून नीट सांगते. इथे मॅथ्स म्हणजे एक ठरलेली रांग असते, अल्जिब्रा वन, मग जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस आणि मग कॅल्क्युलस. आठवीत अल्जिब्रा वन मिळालं की बारावीत कॅल्क्युलस येतं, नववीत मिळालं तर सरळ चालीने प्रीकॅल्क्युलसवर थांबतं. आणि आठवीत कोणाला अल्जिब्रा द्यायचं हे ठरवताना बऱ्याच शाळा सातवीचे ग्रेड्स, टेस्ट आणि टीचरचं मत बघतात. म्हणजे सी स्वतः कॉलेजपर्यंत जात नाही पण पुढे कुठला वर्ग मिळणार ते त्याच्यावरून ठरू शकतं, आणि इंजिनिअरिंग वगैरे डोक्यात असेल तर ते महत्त्वाचं आहे. अजून एक, आठवीत घेतलेलं अल्जिब्रा किंवा स्पॅनिश काही स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळांच्या गटात) हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर चढतं, काही ठिकाणी नाही, तुमच्याकडे काय आहे ते शाळेच्या काउन्सिलरला ईमेल करून आत्ताच विचारा. काही गावांत हायस्कूललाच निवडून प्रवेश असतो तिथेही हे ग्रेड्स लागतात, शिकागोच्या सिलेक्टिव्ह हायस्कूलांना सातवीचेच बघतात.

आता मला खरं तर वेगळीच शंका आहे. पहिल्या पाचातली मुलगी वर्षात मॅथ्स विसरत नाही हो. तुम्ही शाळेचं पोर्टल उघडून बघितलंत का? फक्त शेवटचा ग्रेड नाही, आत एकेक असाइनमेंट बघा, कुठे 'मिसिंग' लिहिलंय का ते. आपल्याकडे परीक्षेत मार्क पडले की निभावतं, इथे होमवर्क, क्विझ, प्रोजेक्ट सगळं धरतात आणि न दिलेल्या कामाला बऱ्याच ठिकाणी शून्य पडतो. हिशोबच करा ना, चार असाइनमेंटमध्ये 90 आणि पाचवी दिलीच नाही म्हणून शून्य, तर सरासरी येते 72, झाला की सी! नवीन देशातून आलेल्या मुलांचं हे फार होतं, त्यांना कळतच नाही की काम ऑनलाइन सबमिट करायचं होतं, आणि विचारायची लाज वाटते. तसं असेल तर टीचरला लिहा, उशिरा दिलेलं काम अर्ध्या मार्कांना का होईना पण बरेच टीचर घेतात. आणि टेस्टमध्येच कमी पडत असतील तर मग भाषेमुळे अडतंय का ते बघा, शाब्दिक उदाहरणं इंग्रजीत वाचताना गडबड होते का, तिच्याशेजारी बसून दोन-तीन सोडवायला सांगा म्हणजे लगेच कळेल.

आणि कृपा करून तिच्यासमोर कॉलेजचा विषय काढू नका, बारा वर्षांच्या पोरीने मैत्रिणी, शाळा, भाषा सगळं एका वर्षात बदललंय, तेच खूप आहे.

समजा आठवीला अल्जिब्रा नाहीच मिळालं, तरी दार बंद होत नाही. काही शाळा उन्हाळ्यात जॉमेट्री करू देतात, काही ठिकाणी दहावीत जॉमेट्री आणि अल्जिब्रा टू बरोबर घेता येतं, त्यातून कॅल्क्युलस गाठणारी मुलं असतात. शिवाय भरपूर कॉलेजेसना कॅल्क्युलस लागतच नाही.